काळी आणि पांढरी

जळगांवच्या पश्चिमेस धरणगांव म्हणून एक जुनें बाजारपेठेचें गांव आहे. पूर्वीं तें एरंडोल तालुक्यांत मोडत असे. आतां तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण झालें आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव येतें तें बहुधा लुटीच्या संबंधानें. इ. स. १६७४ सालीं इंग्रजांची वखार येथें होती. त्या वेळीं खानदेश मोगलांच्या अमलाखालीं होता, आणि मोगलांच्या संपन्न पेठांवर मराठी फौजांची दृष्टि असे. दुसऱ्याच वर्षीं शिवाजीमहाराजांच्या फौजेनें धरणगांव लुटलें. १६७९ सालीं पुन्हां लुटलें. आणि १६८५ सालीं संभाजीमहाराजांच्या फौजेनें तें लुटून जाळलें. दहा-अकरा वर्षांत तीनदां ज्या गांवाची ही गत झाली, तें पुन्हां उभें राहिलें कसें, हा प्रश्न मात्र पुस्तकें फारसा विचारीत नाहींत.

आमच्या मतें त्याचें उत्तर गांवाच्या वेशीबाहेर सांपडतें. फौजेनें नेलें तें कापड, रोकड आणि चीजवस्तु. वेशीबाहेर पसरलेली काळी जमीन कोणी नेली नाहीं, व नेणें शक्यही नव्हतें. पुढच्या मृगाचा पाऊस पडतांच ती पूर्वींसारखीच पिकली असली पाहिजे; कापूस घरांत आला, कीं पिंजारी व विणकर आपापल्या कामास लागले असले पाहिजेत; आणि पेठ हळूहळू पुन्हां भरली असली पाहिजे. जोंवर मूळ भांडवल शाबूत आहे, तोंवर व्याज कितीही वेळां लुटलें गेलें तरी घर बुडत नाहीं, हा सावकारी हिशेब येथेंही लागू पडतो.

परंतु लुटीचा आणखीही एक प्रकार आहे. तींत घोड्यांच्या टापा ऐकूं येत नाहींत आणि तिची तारीख कोणत्याही बखरींत सांपडत नाहीं. उलट कागदोपत्रीं ती पुष्कळदां प्रगति म्हणून नोंदलेली असते. त्या लुटींत व्याज राहतें आणि मुद्दल जातें. धरणगांव व त्याच्या भोंवतालचा खानदेश ह्यांच्या बाबतींत ही दुसरी लूट कशी घडत आली, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत गांवाचे दोन भाग मानीत: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरें उभीं असलेली जमीन. मातीच्या भिंती, चुलींची राख आणि गुरांचा मलमूत्र ह्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या थरांनीं तिचा रंग फिकट झालेला असे. काळी म्हणजे पिकाची जमीन. ह्या दोहोंच्या पलीकडे गायरान, गायरानापलीकडे रान, आणि मधून वाहणारा ओढा किंवा नदी. गुरें रानांतून चरून येत. त्यांचें शेण उकिरड्यावर पडे. उकिरडा उन्हाळ्यांत शेतांत जाई. शेतांतला कडबा पुन्हां गुरांच्या दावणींत येई. ओस पडलेल्या घरांची पांढरी मातीसुद्धां शेतकरी गाड्या भरून काळींत नेऊन टाकीत. धान्याच्या राशीवर बलुतेदारांचा हक्क असे, पण त्यांनीं नेलेलें धान्यही त्याच शिवारांत खाल्लें जाई. सारांश, जें काळींतून निघे तें पांढरींतून फिरून बव्हंशीं काळींतच परत येई.

हीच गोष्ट युरोपांतील शास्त्रज्ञांस सूत्ररूपानें सांगण्यास बराच काळ लागला. प्राण्यांचा व वनस्पतींचा परिस्थितीशीं काय संबंध असतो हें पाहणाऱ्या शास्त्राला एर्न्स्ट हेकेल ह्या जर्मन पंडितानें १८६६ सालीं जें नांव दिलें, तें घर ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढें १९३५ सालीं आर्थर टान्स्ले ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, झाडें व जनावरें वेगळीं काढून त्यांचा विचार करणें अपुरें आहे. माती, पाणी, हवा व ऊन हींही त्याच एका संस्थेचीं अंगें धरलीं पाहिजेत. ह्या सगळ्या मेळाला आज परिसंस्था म्हणतात. तिचे दोन नियम लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. सूर्यापासून आलेली शक्ति एकेका जीवाकडून दुसऱ्याकडे जातां जातां खर्ची पडते, ती परत येत नाहीं. रोज नवें ऊन यावें लागतें. द्रव्याचें तसें नाहीं. नत्र, स्फुरद, पालाश हीं द्रव्यें फिरत राहतात, आणि हें फिरणें जेथें तुटतें तेथें परिसंस्था खंगूं लागते. पांढरी व काळी ह्यांचा परस्परसंबंध म्हणजे ह्या दुसऱ्या नियमाचें आपल्या भाषेंतलें रूप होय.

आतां काळीचीच थोडी ओळख करून घेऊं. खानदेश म्हणजे उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर ह्यांच्यामधील तापीचें खोरें. ह्या भागाचा खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा. तो ऊनपावसानें झिजत गेला आणि मुलताईजवळ उगम पावणाऱ्या तापीनें, तसेंच गिरणा, बोरी, पांझरा ह्या उपनद्यांनीं, त्याचा गाळ ह्या खोलगट प्रदेशांत आणून पसरला. कित्येक ठिकाणीं हा गाळ शेंकडों फूट खोल आहे. माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नसून खडक, हवामान, उतार, जीव आणि काळ ह्या पांचांचें ती संयुक्त फळ आहे, हा सिद्धांत दोकुचायेव ह्या रशियन शास्त्रज्ञानें आपल्या देशाच्या काळ्या मातीचा अभ्यास करून मांडला. त्याचा ग्रंथ १८८३ सालचा.

मात्र रशियाची काळी व खानदेशची काळी ह्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो न कळल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. रशियाच्या मातीचा काळेपणा हा कुजलेल्या गवताच्या विपुल सांठ्याचा आहे. आपल्या मातीचा काळेपणा बराचसा तिच्यांतील चिकणमातीच्या जातीमुळें व तिला घट्ट चिकटून राहिलेल्या अल्पशा सेंद्रिय अंशामुळें आहे. आपल्या शेतांत सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणीं शेंकडा एकाहूनही कमी भरतो. म्हणजे रंग श्रीमंतीचा आणि तिजोरी बेताची, अशी ही स्थिति. ह्या मातीची खरी थोरवी तिच्या पाणी धरून ठेवण्याच्या शक्तींत आहे. तिची चिकणमाती पाणी मिळतांच फुगते आणि वाळतांच आकसते. उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत उतरते, आणि पावसानें भेगा मिटल्या कीं खालची-वरची माती आपोआप कालवली जाते. पावसाळ्यांत सांठविलेल्या ओलीवरच ती दिवाळीनंतरची ज्वारी व हरभरा पिकविते. पण हाच तिचा गुण एका बाजूनें दोषही ठरतो. पुरती फुगली कीं तिचीं छिद्रें मिटतात, पाणी आंत शिरत नाहीं, आणि उघड्या शेतावरून वरचा पातळ थर घेऊन वाहूं लागतें. जो थर तयार होण्यास शतकें लागतात, तो एका वळवाच्या सरींत ओढ्याला मिळतो.

हा थर जाग्यावर राखण्याचें काम पूर्वीं रान करीत असे. पृथ्वीच्या पाठीवर सारख्या हवामानामुळें जे मोठमोठे जीवप्रदेश पडलेले आहेत, त्यांपैकीं खानदेश हा उष्ण कटिबंधांतील कोरड्या, पानगळीच्या वनांचा प्रदेश होय. साग, अंजन, सालई, पळस, मोह, टेंभुर्णी, खैर हीं त्याचीं झाडें. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड, अशा ठिकाणीं झाडाला जगावयाचें तर पाण्याचा खर्च आवरला पाहिजे. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तें आपलीं पानें टाकून देतें. त्या पानांवर वाळवी व बुरशी ह्यांचें पोट चालतें, आणि त्यांच्या हातून पानांतील द्रव्यें पुन्हां मुळांपाशीं पोंचतात. शिवाय पहिला पाऊस उघड्या मातीवर न पडतां पाचोळ्यावर पडतो. त्याचा जोर तेथेंच मोडतो, पाणी सावकाश मुरतें, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यांतून खालच्या गाळांत उतरून तापीकांठच्या विहिरींना मिळतें. डोंगरावरच्या पानाचा आणि सपाटीवरच्या मोटेचा असा संबंध आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होळकरांच्या धाडीनें व पाठोपाठ आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळानें खानदेश उजाड झाला. गांवें ओस पडलीं व शेतांत झाडी माजली. १८१८ सालीं मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हां डोंगरांत भिल्लांचा व सपाटीवर वाघांचा वावर होता. १८२५ सालीं जेम्स औट्रम ह्या तरुण सेनाधिकाऱ्यानें भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला आणि तिचें ठाणें धरणगांव येथें ठेविलें. त्याच्याबरोबर शिकार करून, त्याच्याबरोबर जेवून त्यानें भिल्लांचा विश्वास संपादिला, ही गोष्ट त्याचे चरित्रकार कौतुकानें सांगतात. आणि दहा वर्षांत त्याच्या मंडळीनें दोनशेंवर वाघ मारल्याची नोंदही तेच करितात. वाघाच्या भयांतून माणसें व गुरें सुटलीं, हा लाभ कोणी नाकारणार नाहीं. परंतु तो लाभ कोणाच्या खर्चानें झाला, हेंही मांडलें पाहिजे. वाघ गेला कीं हरिणडुकरांवरचा अंकुश जातो. वाघाचें भय गेलें कीं रान तोडणें सोपें होतें. आणि ज्याला त्या रानाचें पान न् पान ठाऊक होतें, तो भिल्ल आतां पगारी शिपाई किंवा सारा भरणारा शेतकरी व्हावा अशी राज्यकर्त्यांची योजना होती. सरकारच्या हिशेबांत लागवडीखालीं आलेला प्रत्येक बिघा जमेला पडला. तुटलेल्या झाडाला खर्चाचें सदरच नव्हतें.

पुढचा फेरा कापसाचा. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत लँकशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशास भिडले. त्याच दशकांत खानदेशांत आगगाडी आली. तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडे जाणारा, धरणगांवावरून जाणारा फांटा १९०० च्या सुमारास पुरा झाला. गांवोगांव जिनिंगचे कारखाने निघाले. येथें एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. कापसाचा पांढरा तंतु जवळजवळ सर्व हवा व पाणी ह्यांपासूनच बनलेला असतो. तो मुंबईस गेला काय कीं लिव्हरपुलास गेला काय, जमिनीचें फारसें कांहीं जात नाहीं. जमिनीचें सत्त्व असतें तें सरकींत. हातरेच्यावर घरोघरीं कापूस रेचला जात होता, तोंवर सरकी घरीं राहून बैलांच्या पोटांत व तेथून शेतांत जाई. यंत्र आल्यावर शेतकरी सरकीसकट कापूस विकूं लागला. सरकी कारखान्यांत, तेथून तेलाच्या घाण्यावर, आणि पेंड ज्याच्यापाशीं पैसा असेल त्याच्या गोठ्यांत, अशी तिची वाट बदलली. काळी व पांढरी ह्यांतलें फिरतें चक्र येथें पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तुटलें. आणि ज्या वर्षीं तें तुटलें, त्या वर्षीं शेतकऱ्याच्या हातांत मात्र पूर्वींहून अधिक रुपये खुळखुळत होते.

तिसरा घाव सरपणाचा. १८७८ च्या जंगलच्या कायद्यानें रानें राखीव करण्याचा अधिकार सरकारानें आपल्या हातीं घट्ट केला. रान राखलें पाहिजे हें खरेंच. पण सागाच्या लांकडाकडे दृष्टि ठेवून तें राखलें गेलें, आणि गांवकऱ्याचा मोळीचा व चराईचा हक्क आंखडला. गायरान तर कापसाच्या नांगराखालीं आधींच कमी होत चाललें होतें. मग चूल पेटणार कशानें? शेणानें. उकिरड्यावर पडावयाचें शेण गोवऱ्या होऊन चुलींत गेलें. १८८९ पासून सर्व हिंदुस्थान फिरून आलेल्या व्होल्कर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें आपल्या १८९३ च्या अहवालांत नेमकें हेंच सांगितलें: येथील शेतकरी अडाणी नाहीं, त्याला सरपण द्या, म्हणजे तो शेण शेतांतच घालील. गोवरी जाळणाऱ्या गृहिणीला हंसणें सोपें आहे. तिच्या चुलीचा संबंध चाळीस मैलांवरच्या राखीव रानाशीं होता, हें अधिकाऱ्यांस फार थोड्या वेळां सुचलें.

पुढें अल्बर्ट हॉवर्ड ह्या दुसऱ्या इंग्रजानें सातपुड्यापलीकडे, इंदूर येथें, १९२४ ते १९३१ पर्यंत काम करून पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यांतील मूत्रमिश्रित माती ह्यांपासून खत कुजविण्याची पद्धति बसविली. ती इंदूर पद्धति म्हणून जगभर गाजली. आपल्या लोकांस शिकविण्याच्या हेतूनें आपण आलों, परंतु येथील शेतकऱ्यांपासूनच शिकलों, असें तो प्रांजळपणें मानी. पऱ्हाटी जाळावी कीं कुजवावी हा प्रश्न मात्र खानदेशच्या बांधांवर अद्याप सुटलेला नाहीं.

स्वराज्यानंतरचा इतिहास अधिक सुखाचा आहे, आणि म्हणूनच अधिक अवघडही. गिरणेवर व तापीवर धरणें झालीं, विहिरींवर विजेचे पंप बसले, वरखतें आलीं, आणि १९७२ सारख्या दुष्काळाशीं झुंजण्याचें बळ आलें. जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण यावल-रावेरच्या बाजूस जमिनींत जितकें पाणी मुरतें त्याहून अधिक उपसलें जात आहे, आणि विहिरीची जागा खोल कूपनलिकांनीं घेतली आहे. पूर्वीं जो गाळ तापीनें लाखों वर्षें पाण्यानें भरला, तो आपण दोन पिढ्यांत उपसूं पाहतों. कापसाचीही तीच कथा. २००२ सालीं बीटी कापूस आला. बोंडअळ्यांचा त्रास आरंभीं पुष्कळ कमी झाला. परंतु सर्व शिवारांत एकच पीक; तें पाण्याच्या जोरावर पावसापूर्वींच लावलेलें; आणि हंगाम संपल्यावर फरदड म्हणून उन्हाळ्यापर्यंत उभें ठेवलेलें! गुलाबी बोंडअळीला वर्षभर पंगत मांडल्यावर तिनें त्या विषाला सरावून जावें, ह्यांत नवल तें काय? २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापूस उत्पादकांस तिनें हवालदिल केलें. जुना शेतकरी ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद ह्यांची फेरपालट करी व त्याला बेवड म्हणे. कडधान्यांच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र बांधला जातो, हें जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ नंतर सिद्ध केलें. परंतु हरभऱ्याचा बेवड चांगला, हें आपल्याकडे त्यापूर्वींही ठाऊक होतें. बेवडानें जमीन विसांवा घेते आणि किडीची साखळीही तुटते.

ह्याच धरणगांवीं १३ ऑगस्ट १८९० रोजीं त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांचा जन्म झाला. १९०७ सालीं जळगांवास पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें, तेव्हां ह्या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्षांनीं त्याला बालकवि ही पदवी दिली. ते अध्यक्ष कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते; हिंदी औषधी वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ सालीं, प्रसिद्ध झाला. वनस्पति मोजणाऱ्यानें वनस्पति गाणाऱ्याला ओळखावें, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. ज्या गवताफुलांना, निर्झरांना आणि हिरवळीला ह्या कवीनें मराठींत कायमचें घर दिलें, त्यांतलें किती आज खानदेशच्या शिवारांत उरलें आहे? कविता पाठ म्हणणाऱ्या मुलाला ओढा दाखवावयाचा झाला, तर आज कोठें न्यावें, हा प्रश्न आम्हीं अलंकारिक म्हणून विचारीत नाहीं.

तथापि निराशेचें कारण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कारण उपायही ह्याच मुलुखांत सांपडतो. धुळ्याकडे पांझरेच्या कांठीं फडपद्धति म्हणून पाणी वांटण्याची एक जुनी रीत आहे. नदीवर लहान बंधारा, त्यांतून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडांत एक पीक, आणि दरसाल पिकांची पाळी बदललेली. पाणी कमी आलें तर कोणता फड कोरडा ठेवावयाचा हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. देखरेखीला पाटकरी व जागल्या. नदीचें पाणी अमर्याद नाहीं, हें ह्या रीतीच्या मुळाशीं गृहीत धरलेलें आहे. हाच विचार भूजलाला, गायरानाला आणि डोंगरउतारालाही लावतां येईल. बांधबंदिस्ती, बेवड, कुजविलेली पऱ्हाटी, वेळीं उपटलेली फरदड, पायथ्याच्या पट्ट्यांत मुरविलेलें पाणी, ह्यांत नवें असें कांहीं नाहीं. ह्या सर्वांनीं मिळून करावयाच्या गोष्टी आहेत, एवढेंच.

धरणगांव तीनदां लुटलें गेलें आणि तीनदां उठलें, कारण त्याची काळी शाबूत होती. पांढरींतले वाडे पडले तर माणसें दुसरे बांधतात. आणि त्या पडलेल्या भिंतींची मातीदेखील काळीलाच उपयोगी पडते. काळी वाहून गेली, तर मात्र पांढरींतली कोणतीही वस्तु तिच्या जागीं नेऊन ठेवितां येत नाहीं. येत्या पावसाळ्यांत गांवच्या ओढ्याला पहिला लोंढा येईल, तेव्हां वाचकांनीं पुलावर उभें राहून पाण्याचा रंग पाहावा. तो काळा असेल, तर आपल्या गांवची लूट चालू आहे असें समजावें.